आण्णा, तुमचा हातगुण

आण्णा, तुमच्या बाराव्याला मांडवात बसलेला प्रत्येक माणूस तुमच्या हाताबद्दल बोलत होता. "माणूस तर गेलाच, पर त्यो हात बी गेला की वो," असं पन्हाळ्याकडचे एक पावणे म्हणाले आणि सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी म्हणालं, आण्णांनी छत्रीची काडी रोवली असती तरी तिला पालवी फुटली असती. मी चहाचे कप गोळा करत होते. तिथल्या तिथं ट्रे आपटून सगळ्यांना खरं काय ते सांगावं असं फार वाटलं. पण समोर काकी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. म्हणून कप विसळायला मोरीवर गेले आणि तिथंच रडले. बायकांना वाटलं, पोरीचा किती जीव होता.

जीव होताच. नसता तर आज एवढा राग आला नसता.

तुम्ही असताना तुमच्याशी भांडता यायचं. तोंडावर भांडायचं, मग काकींनी दोघांना चहा द्यायचा, आणि चहा होईपर्यंत भांडण कशावरून होतं हेच तुम्ही विसरलेले असायचात. आता समोर कुणी नाही, म्हणून हे लिहितेय. उत्तर द्यायची तुमची सोय नाही, पण माझाही इलाज नाही.

अब्बांचा आणि तुमचा दोस्ताना उचगावातल्या चहाच्या गाड्यावरचा. अब्बा शिरोलीच्या फौंड्रीत वाळूचे साचे करायचे आणि तुम्ही वाळूत झाडांच्या काड्या लावून रोपं करायचात, म्हणून वाळू या विषयावर तुम्हां दोघांचं तासन् तास जमायचं. "पोरगी घरात बसून काय करणाराय? माज्या नर्सरीत येऊ दे की," असं तुम्ही म्हणालात आणि मी झाडांना पाणी घालायला आले. आले ती राहिलेच. तुम्ही मला रेहाना कमी आणि लेकी जास्त म्हणायचात. ईदला शीरखुर्मा खायला सगळ्यांत आधी तुम्ही हजर आणि दिवाळीत माझ्या डब्यातल्या करंज्या काकींच्या हातच्या. आपल्या दोघांत कुणाला काही वेगळं वाटलं नाही. निदान मला तरी नाही.

शिकवलंत तुम्ही, ते नाकारणार नाही. जास्वंद, मेंदी कुठंही खोचली तरी जगते. मोरपंखी आणि जुनिपर ही फार मिजासखोर मंडळी, त्यांच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात, हे पहिल्याच थंडीत सांगितलंत. काडी कात्रीनं कापायची नाही, फांदीवरून हळूच खाली ओढायची, म्हणजे जुन्या लाकडाची टाच तिच्याबरोबर येते. सकाळी ऊन चढायच्या आत घ्यायची. वाळू मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोट लावलं की मोडावा, इतकीच ओली ठेवायची. वरून प्लॅस्टिकचा तंबू आणि त्याच्यावर हिरवी जाळी. हे सगळं आजही माझ्या हातात आहे. ते तुमचं देणं आहे आणि ते मी फेडू शकत नाही.

त्या ख्रिसमस ट्रीचा किस्सा आठवतो? मी हौसेनं बाजूच्या फांदीची काडी लावली, कशी कोण जाणे ती लागलीही, आणि मग ते रोप उभं राहायलाच तयार नाही. जमिनीला धरून आडवंच चाललं. मी त्याला काठी बांधली, सुतळीनं ओढलं, रोज त्याच्याशी वाद घातला. तुम्ही खुर्चीत बसून पोट धरून हसत होता. "अगं, आडव्या फांदीचं लेकरू हाय ते. जन्मभर आडवंच जाणार. शेंड्याची काडी घ्यायची असती." आधी का नाही सांगितलं म्हणून मी चिडले, तर म्हणालात, "आधी सांगितलं असतं तर ध्यानात ऱ्हायलं असतं व्हय?" तेव्हा मला वाटलं होतं, किती मोठ्या मनाचा गुरू मिळालाय. पोराला पडू देतो, पण शिकवतो.

आता वाटतं, काय काय सांगायचं नाही, हे तुम्हांला आधीपासूनच चांगलं जमत होतं.

दसरा झाला, हवा गार पडली की आपण दोघंही मोरपंखीच्या काड्या लावायचो. तुमचा वाफा पुढं, जाळीखाली. माझा मागच्या कोपऱ्यात, शिकाऊ माणसाचा. झाड तेच, वाळू तीच, पाणी तेच. काड्या लावताना तुम्ही माझ्याकडं पाठ करून बसायचात, मध्येच खिशातून चुन्याची डबी काढायचात, अंगठा आत दाबायचात. मला वाटायचं, तंबाखू मळतायत. एकदा डबी खाली पडली म्हणून मी उचलायला गेले, तर केवढ्यांदा ओरडलात. "बाईमाणसानं तंबाकूच्या डबीला हात लावायचा न्हाय!" आमच्या घरी अब्बाही असलं काहीबाही म्हणायचे. थोर माणसांच्या खोडी म्हणून मी सोडून दिलं.

मग यायची संक्रांत. तिळगूळ खाऊन तुम्ही मागच्या कोपऱ्यात यायचात आणि म्हणायचात, "उपट बघू." मी एकेक काडी उपटायचे. खाली मूळ नाही. नुसती टाचेवर एक पांढरी गाठ, चुरमुऱ्यासारखी. तुम्ही ती नखानं टोकरून बघायचात आणि असा चेहरा करायचात, की घरात कुणी आजारी असावं. "गाठ धरली गं. गाठ धरली की संपलं. आता हिला मूळ येत न्हाय." आणि सगळ्या काड्या खताच्या खड्ड्यात. तुमच्या वाफ्यातली मोरपंखी तोवर पिशव्यांत गेलेली असायची, हिरवीगार. ती काढायचं काम तुम्ही कुणालाच करू दिलं नाही. मुळं नाजूक असतात म्हणायचात. मी तुमची रोपं कायम मातीच्या पिशवीतच पाहिली.

दुसऱ्या वर्षीही गाठच. तिसऱ्या वर्षी मी विचारलं, "आण्णा, माझं कुठं चुकतंय?" तुम्ही माझा हात हातात घेतलात, उलटा केलात, सुलटा केलात. "चुकत काय न्हाय लेकी. हातगुण लागतोय ह्येला. कुणाच्या हाताला असतोय, कुणाच्या नसतोय. ते शिकवून येत न्हाय." इतक्या प्रेमानं म्हणालात, की मी घरी जाईपर्यंत रडलेसुद्धा नाही. घरी अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, "हाताला काय हुतंय? वाळू बघ, पाणी बघ. आमच्याकडं साचा फुटला तर कोण हाताला दोष देत न्हाय." मी अब्बांवरच उखडले. म्हटलं, तुमचं लोखंड वेगळं, आमचं झाड जिवंत असतं. माझ्या बापाचं सोडून मी तुमचं ऐकलं, आण्णा.

त्यानंतर मी काउंटरवर बसायला लागले. रोपं विकायची, खत कसं घालायचं ते सांगायचं, गिऱ्हाईक म्हणालं "आण्णांचा हात लई चांगला" की हसून हो म्हणायचं. वाईट दिवस नव्हते ते. पण घरी मेथी पेरली तरी भीती वाटायची. आम्हां भावंडांत धाकटीला मूल झालं, तेव्हा तिच्या अंगणात लावायला चाफा नेला, तर खड्ड्यात तो तिच्या सासऱ्यांना ठेवायला सांगितला. माझा हात नको, म्हटलं.

काड्यांवरून मात्र एकदाच तुम्हांला उलटून बोलले. फोनवर कुठंतरी बघितलं होतं, की मुळं फुटायची पावडर मिळते, काडीच्या बुडाला लावायची. शहरात जाऊन एक पुडी घेऊन आले. तुम्ही पुडी बघितलीत आणि तुमच्या कपाळावरची शीर उठली. "असली औषधं लावून झाड जगवायचं म्हंजे बाटलीच्या दुदावर पोर वाढवायचं! माज्या नर्सरीत ह्ये चालायचं न्हाय." बाहेरच्या नर्सरीतून आलेलं एक रोप धुऊन दाखवलंत. "ही बघ पावडरची औलाद. एका जाग्यावरनं खराट्यागत मुळं." मी म्हटलं, खराटा तर खराटा, मूळ आहे ना? तर पुडी उचललीत, "ओढ्यात टाकून येतो," म्हणालात आणि तरातरा मागच्या वाटेनं गेलात. मला लाज वाटली. वाटलं, देवमाणसाला आपण भेसळ करायला सांगितली.

यंदा दसऱ्यानंतर तुम्ही तुमचा वाफा लावलात आणि दिवाळीत अंथरूण धरलंत. मीही मागच्या कोपऱ्यात काड्या लावल्या होत्या. का, ते विचारू नका. दरवर्षी ठरवायचे की आता पुरे, आणि दरवर्षी हात शिवशिवायचा. संक्रांतीला तिळगूळ घेऊन तुमच्या उशाशी बसले. तुम्हांला धाप लागत होती, धड बोलवत नव्हतं. तरी विचारलंत, "तुज्या काड्या उपटल्यास का?" म्हटलं, अजून नाही. "उपट की. कशाला जागा अडवतीस." मी हो म्हटलं. पण दवाखाना, औषधं, काकींना धीर, यात राहून गेलं. राहून गेलं म्हणून कळलं, आण्णा. नाहीतर जन्मभर कळलं नसतं.

तुम्हांला पंचगंगेवर पोचवून आल्यावर आठवडाभर नर्सरी बंद होती. झाडांना सुतक कळत नाही, म्हणून मी पाणी घालायला जात होते. एका सकाळी मागच्या कोपऱ्यात गेले, तर माझ्या काड्यांच्या शेंड्यांना कोवळी पोपटी झालर आलेली. मी एक हळूच ओढली. येईना. वाळू भिजवली, बोटानं मोकळी केली, आणि ती वर आली. टाचेवर तीच पांढरी गाठ. आणि त्या गाठीतून, अगदी त्याच गाठीतून, तीन-चार लांब मुळं निघालेली, चार दिशांना पांगलेली. दुसरी काढली, तिलाही. तिसरीलाही. काही काळ्या पडून गेल्या होत्या, पण निम्म्याहून जास्त जिवंत. मी वाळूतच फतकल मारून बसले. आणि पहिलं मनात काय आलं, सांगू? आण्णांना दाखवायला पाहिजे. उठलेसुद्धा होते.

मग तुमच्या वाफ्याकडं गेले. तो काढून पिशव्या भरायलाच हव्या होत्या, नाहीतर तुमची शेवटची रोपं वाळूत सुकून गेली असती. पहिलं रोप उचललं, पाण्यात हलवलं. खराटा. दुसरं धुतलं. खराटा. एकाच जागेवरून जाडजूड, आखूड, दाट मुळं, जशी तुम्हीच मला दाखवली होती. मी वाफाभर रोपं धूत गेले, एखादं तरी वेगळं निघावं म्हणून. एकही निघालं नाही.

काकी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. मी ओल्या हातानंच विचारलं, "काकी, आण्णा पावडर लावत होते?"

त्यांनी वर बघितलं नाही. "व्हय," म्हणाल्या.

"तुम्हांला ठाऊक होतं?"

"मला ठाऊक न्हाय असं ह्या घरात काय हाय? ती डबी मीच भरून द्यायची."

"कसली डबी?"

"चुन्याची. ती चुन्याची न्हवती गं पोरी. चुन्याची दुसरी हुती, बंडीच्या आतल्या खिशात."

मी दाराला टेकले. काकी बोलत राहिल्या. सुरवातीला तुम्ही खरंच नुसत्या वाळूत लावायचात. काही जगायच्या, काही मरायच्या. मग एका वर्षी सगळा वाफा काळा पडला, आणि तोवर तुमचं नाव झालं होतं, लांबून लोक यायला लागले होते. "नावाला बट्टा नगं म्हणून लावली एकदा. मग सुटंना. तंबाकूसारखंच," काकी म्हणाल्या.

"आणि मी आणलेली पुडी? ती तर ओढ्यात टाकली."

काकींना हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. "ती बी डबीतच गेली, बाई."

मीही हसले, आण्णा. खरं सांगते, त्या क्षणी तुम्ही समोर असतात तर दोघं मिळून हसलो असतो. पावडर लावलीत याचा मला राग नाही. पावडर वाईट नसतेच. तुमची रोपं बघा, महिनाभर तरी पुढं आहेत, शेंडे बोटभर वाढलेत. माझी अजून जागी होतायत. वर्षभरात गाठतील का मागंच राहतील, मला माहीत नाही. यावर आपण काय झकास भांडलो असतो! निम्मा वाफा तुमच्या पद्धतीनं, निम्मा माझ्या, आणि पावसाळ्यानंतर मोजपट्टी घेऊन बसलो असतो. तुम्ही हरला असतात तरी कबूल केलं नसतंत. ते भांडण तुम्ही माझ्याकडून हिरावून घेतलंत.

आणि नाव राखायचं म्हणून लपवलंत, तेही समजू शकते. माझ्यापासून लपवलंत, ते सुद्धा गिळेन. पण तुम्ही माझ्या काड्या उपटायला लावत होता. गाठ म्हणजे मूळ यायची तयारी, हे नुसत्या वाळूत लावणाऱ्या माणसाला कळलं नसेल? पावडरीच्या आधी तुमच्या स्वतःच्या काड्यांनीही गाठच धरली असणार. तुम्ही थांबत होता म्हणून त्या जगत होत्या. माझ्याही जगल्या असत्या. फक्त थांब म्हणायचं होतं, अजून शिमग्यापर्यंत थांब. त्याऐवजी तुम्ही माझा हात हातात घेऊन सांगितलंत की याला गुण नाही. आजारपणात, श्वास पुरत नव्हता तरी, तो श्वास खर्च करून म्हणालात, उपट. हे मला झेपत नाही, आण्णा. कितीही बाजूनं विचार केला तरी झेपत नाही.

मी काकींना विचारलं, "पण माझ्याशी का असं? मी काय वाकडं केलं होतं?"

काकींनी सूप बाजूला ठेवलं. "त्येंनी शपथ घातलती मला. आता मेल्या माणसाची शपथ कुठवर पाळू?" मग म्हणाल्या, "तुज्या काड्या लागल्या असत्या तर तू थांबली असतीस व्हय हितं? सोताची नर्सरी टाकली असतीस. आमाला पोरबाळ न्हाय. ह्ये म्हणायचे, ती गेली तर मी कुणाशी बोलू?"

मी बाहेर आले. पन्हाळ्याच्या वाटेवर एकांनी मोठी नर्सरी टाकली, ते मला बोलवायला आले होते, ती दुपार आठवली. सगळं काम तुझ्यावर, म्हणत होते, रोपं तू करायचीस. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही कुंडीतलं तण काढत होता, मान वर केली नाहीत. "जा की," म्हणालात. "पर तितं काड्या लावाय लागतील. बघ बाबा, तुजी तू." मी त्या माणसाला नाही म्हणून सांगितलं. माझ्या हातून त्यांचं नुकसान व्हायला नको म्हणून. तुम्ही त्या दिवशी खूश होतात, काकींना भजी करायला सांगितलीत, आणि मला वाटलं की पोरीला वाईट वाटू नये म्हणून करतायत.

मी ती भजी खाल्ली. चांगली झाली होती.

आण्णा, मला त्या नर्सरीत जायचंच नव्हतं. तुम्ही एकदा मान वर करून "जाऊ नगंस लेकी, मला करमायचं न्हाय" एवढं म्हणाला असतात, तर मी राहिले असते. माझ्या सगळ्या काड्या लागल्या असत्या, तरी राहिले असते.